वनपशूंच्या सोबत

मार्काने प्रभू येशूच्या परीक्षेची हकिगत अवघ्या दोन वचनांत आटोपली आहे (मार्क १:१२, १३). मत्तय व लूक सैतानाचे तिन्ही डाव आणि प्रभूची तिन्ही उत्तरे सविस्तर देतात. मार्क त्यांतले एकही देत नाही. उलट त्या दोघांनी जी गोष्ट मुळीच सांगितली नाही, ती तो सांगतो. ते चाळीस दिवस रानात प्रभूला श्वापदांचा सहवास होता. एवढे नोंदवून तो देवदूतांच्या सेवेकडे वळतो. वाचकहो, हा भाग आपण कितीदा वाचला असेल! उपवासकाळात त्यावर उपदेशही ऐकले असतील. परंतु त्या श्वापदांपाशी क्षणभर थांबलेला उपदेशक निदान माझ्या तरी आठवणीत नाही.

मूळ ग्रीक वाक्यात येथे 'मेता' असा एक लहानसा शब्द आहे. भाषांतरकाराला मोठे शब्द तितकेसे छळत नाहीत, जितके असे दोन अक्षरी शब्द छळतात. 'मेता' म्हणजे 'सह'. आता मराठीत काय म्हणावे? 'श्वापदांमध्ये' म्हटले तर प्रभू हिंस्र पशूंच्या घेऱ्यात सापडला आहे असे चित्र उभे राहते. 'श्वापदांबरोबर' म्हटले तर तो त्यांच्या कळपातून हिंडत होता असे वाटते. 'संगतीत' ह्या शब्दाला आपल्याकडे चांगल्यावाईटाचा वास आहे. संगत लागते, संगत बिघडवते. राहता राहिला 'सोबत' हा शब्द, आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो. घरात एकटी बाई असली की शेजारची मुलगी रात्री सोबतीला जाते. ती त्या घरच्या कारभारात हात घालीत नाही, काही मागत नाही, सकाळी उठून आपल्या घरी येते. तिचे तेथे असणे एवढेच तिचे काम. सोबतीला प्रेम लागतेच असे नाही. परंतु दुसऱ्याचे घर हे दुसऱ्याचे आहे, ही जाणीव मात्र लागते.

टीकाकारांत ह्या वचनाविषयी दोन मते आहेत. काहींच्या मते श्वापदे ही रानाच्या भयाणपणाची खूण आहे. एकीकडे सैतान व पशू, दुसरीकडे देवदूत, असा तो सामना आहे. दुसऱ्यांच्या मते येथे एदेन बागेचा आणि यशयाच्या अकराव्या अध्यायातील शांतीच्या राज्याचा सुगंध आहे. रिचर्ड बॉकम ह्या इंग्रज पंडिताने १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात दुसऱ्या मताचा चांगला पुरस्कार केला आहे. माझ्या मते ह्या दुसऱ्या मतात तथ्य अधिक आहे. तथापि त्यातही एक गोष्ट निसटते. मार्क सिंहाला गवत खावयास लावीत नाही. पशू पशूच राहतात, प्रभू त्यांना माणसाळवीत नाही, त्यांची शिकारही करीत नाही. आणि हाच 'मेता' शब्द तो दोन अध्यायांनंतर पुन्हा वापरतो: प्रभूने बारा जणांना नेमले ते प्रथम आपल्यासोबत असावेत म्हणून (३:१४). प्रेषितांच्या आधी ज्यांनी प्रभूची सोबत केली ते रानातले पशू होते, असे म्हटले तर ते मार्काच्या शब्दांना सोडून होणार नाही.

आता 'रान' ह्या शब्दाविषयी थोडेसे. पवित्र शास्त्रातील ज्या ठिकाणाला इंग्रजीवरून आपण वाळवंट म्हणू लागलो आहोत, ते सहारासारखे वाळूचे डोंगर नव्हेत. इब्री 'मिद्‌बार' म्हणजे नांगर न लागलेली, वस्ती नसलेली, पाऊस पडला तर चार दिवस मेंढरे चारता येतील अशी जमीन. योएल संदेष्टा तर त्या रानातील कुरणे हिरवी झाली आहेत असे वनपशूंनाच उद्देशून सांगतो (योएल २:२२). सोलापूरकडची नान्नजची माळराने किंवा माण तालुक्यातील डोंगरउतार ज्याने पाहिले आहेत, धनगर, मेंढरे, घोंगडी, राखणीचे कुत्रे आणि दूर उभा असलेला लांडगा हे ज्याने पाहिले आहे, त्याला 'मिद्‌बार' समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा आपल्या जुन्या भाषांतरकारांनी निवडलेला 'रान' हाच शब्द योग्य. 'वाळवंट' ह्या शब्दाचा मूळ मराठी अर्थ तर निराळाच आहे. भूगोलाच्या पुस्तकांनी तो आफ्रिकेला नेण्यापूर्वी वाळवंट हे नदीचे होते. चंद्रभागेचे वाळवंट म्हटले की अजूनही कोणाला उंट आठवत नाही.

असेच एक नदीचे वाळवंट माझ्या रोजच्या पाहण्यात आहे, आणि ह्या लेखाचा प्रश्न मला तेथेच भेटला. तिलवारा हे जबलपूरच्या दक्षिणेस नर्मदाकाठी आहे. नागपूरहून सडकेने येणारा प्रवासी पूर्वापार येथेच नर्मदा ओलांडून शहरात शिरत आला आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांना जबलपूर माहीत आहे ते १९२३ साली निघालेल्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजमुळे. इतरांना १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसमुळे, जी येथून जवळच भरली होती. १९४८ साली महात्माजींच्या अस्थी ह्याच घाटावर विसर्जित झाल्या. संक्रांतीला येथे मोठी जत्रा भरते. जत्रा उठली की द्रोण, पत्रावळी व उरलेले अन्न काठावर राहते आणि मागोमाग कुत्री येतात. माघ सरता सरता पाणी उतरते, खडक आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात. विदर्भात जिला डांगरवाडी म्हणतात तशा काकड्या-खरबुजांच्या वाड्या घाटापासून दूर वाळूत लागतात. आणि त्याच वाळूत, त्याच गोट्यांत टिटव्या अंडी घालतात.

टिटवीला घरटे म्हणून नसतेच. खड्यांमध्ये एक उथळ खळगा, त्यात चार अंडी, मातीच्याच रंगाची आणि ठिपक्यांची. तीन हातांवरून माणूस जाईल, पण त्याला ती दिसणार नाहीत. वैशाखात वाळू इतकी तापते की अंडी उबवण्याऐवजी थंड ठेवणे हेच पक्ष्याचे काम होऊन बसते. नर-मादी आळीपाळीने पाण्यावर जातात, पोटाची पिसे भिजवतात आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसतात. सुमारे चार आठवडे हे चालते. माणसाच्या नजरेला फसवणारी ही अंडी कुत्र्याच्या नाकाला मात्र फसवू शकत नाहीत. चंबळेपासून नर्मदेपर्यंत आपल्या नद्यांच्या वाळूवर वीण करणाऱ्या टिटव्या व नदी सुरय ह्या पक्ष्यांना आज तीन गोष्टींनी घेरले आहे: उपसली जाणारी वाळू, अवेळी चढणारे पाणी, आणि माणसांमागून आलेली मोकाट कुत्री.

एका वाडीवर वरूडकडच्या एक वृद्ध बाई दर उन्हाळ्यात मुक्कामाला असतात. मी त्यांना मावशी म्हणतो. मुलगा व सून वाडी पाहतात. मावशी खोपटाच्या सावलीत बसून गोधड्या शिवतात. येथले लोक त्यांना कथरी म्हणतात आणि शिवून नेतात. मावशींपाशी मोत्या नावाचा कुत्रा आहे. रात्री कोल्हे खरबुजांवर येतात, तेव्हा मोत्याशिवाय वाडी राहणार नाही. तो जुन्या गोधडीच्या तुकड्यावर निजतो आणि मावशींच्या भाकरीतली भाकरी खातो. एका चैत्रात त्याने खोपटाच्या मागच्या बाजूला टिटवीची चारही अंडी खाल्ली. टिटव्या दिवसभर डोक्यावर ओरडत फिरल्या. काही दिवसांनी त्यांनी थोड्या अंतरावर पुन्हा अंडी घातली. पहिली अंडी गेली तर त्या पुन्हा घालतात. त्या दिवसापासून मावशींनी मोत्याला दिवसा बांधून ठेवावयास सुरुवात केली. रात्री तो खोपटाच्या तोंडाशी, मावशींच्या बाजेला बांधलेला. लुगड्याच्या काठाची वेणी घालून केलेली पट्टी, तिचे एक टोक मेढीला. कुत्रे कुरकुरले, दोन दिवस भाकरीला तोंड लावीना. मुलगा रागावला. चौथ्या रात्री कोल्ह्याने कोंबडी नेली, आणि मावशींनी त्या कोल्ह्याच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला तो ह्या पानांवर छापण्याजोगा नाही. परंतु पट्टी सुटली नाही. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, कुत्र्याले काय ठावं, कोनाची अंडी होत ते? आपल्याले तं ठावं हाय ना."

मावशी ख्रिस्ती नाहीत, आणि हे त्या कोणत्याही धर्माच्या नावाने करीत होत्या असेही मला वाटत नाही. पण त्यांच्या ह्या एका वाक्याने जो प्रश्न उभा राहतो तो आपल्या नीतिशास्त्रात सहसा विचारला जात नाही. ज्या जीवाचा आपल्याला उपयोग नाही आणि ज्याला आपली गरजही नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य आहे काय? आणि असल्यास, जो जीव आपल्या दाराशी विश्वासाने राहिला आहे त्याला त्यापायी तोशीस द्यावी काय?

पहिल्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देणारे पुष्कळ आहेत, आणि ते पौलाकडे बोट दाखवतील. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये हा नियमशास्त्रातील दंडक सांगून पौल विचारतो की देवाला काय बैलांची काळजी आहे. हे तर आपल्यासाठी लिहिले आहे (१ करिंथ ९:९, १०). हे वचन अडचणीचे आहे, आणि ते गुळगुळीत करून घेऊ नये. परंतु पौल येथे बैलाविषयीचा सिद्धांत मांडीत नाही, सेवकाच्या मजुरीविषयी बोलतो आहे, आणि त्याची युक्ती लहानाकडून थोराकडे जाणारी आहे. बैलाला जर खळ्यावर तोंड घालण्याचा हक्क आहे, तर सुवार्तिकाला किती अधिक! पहिला हक्क खोटा ठरला तर दुसराही कोसळतो. चिमण्यांचेही तसेच. पुष्कळ चिमण्यांपेक्षा आपण मोलाचे आहोत असे प्रभू म्हणतो, तेव्हा चिमणीला मोल आहे हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते. शून्याहून अधिक म्हणण्यात कसले सांत्वन?

तत्त्वज्ञांपैकी कांटचे उत्तर अधिक सभ्य आहे. प्राण्यांविषयी आपले प्रत्यक्ष कर्तव्य नाही. पण इमानी म्हाताऱ्या कुत्र्याला जो गोळी घालतो तो माणसांशीही निष्ठुर होतो, म्हणून प्राण्यांशी दयेने वागावे. आपल्या शब्बाथशाळांतून प्राण्यांवर दया करा असे जे शिकवले जाते ते पुष्कळदा ह्याच चालीचे असते. मोत्याच्या बाबतीत हे उत्तर पुरते. टिटवीच्या बाबतीत ते पुरत नाही. अंडी कुत्र्याने खाल्ली, कोणा माणसाचे हृदय त्याने कठोर झाले नाही, किंबहुना कोणी पाहिलेही नाही. कांटच्या हिशेबी तेथे काहीच घडले नाही. मावशींच्या हिशेबी घडले.

मला वाटते शास्त्रात ह्याचे खरे उत्तर ईयोबाच्या पुस्तकात आहे, जेथे देव वावटळीतून बोलतो. देव ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही; त्याला तो सृष्टी दाखवतो, आणि त्यातही नेमके असे भाग दाखवतो जेथे ईयोबाचे काही काम नाही. जेथे मनुष्य राहत नाही अशा रानावर पाऊस कोण पाडतो, असे तो विचारतो (ईयोब ३८:२६). शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पाऊस फुकट गेला. पुढे रानगाढव येते, ते माणसाच्या हाकेला ओ देत नाही. रानबैल येतो, तो नांगराला जुंपून घेत नाही. हे सारे देवाच्या नजरेत आहे, त्याला आवडते आहे, आणि ते आपल्यासाठी नाही. 'सर्व काही मनुष्यासाठी निर्माण झाले' असे आपण उपदेशांतून ऐकतो, ते ह्या अध्यायांपुढे उभे राहू शकत नाही.

दुसरा प्रश्न कठीण आहे, कारण त्यात मोत्याचा जीव गुंतला आहे. पवित्र शास्त्रात कुत्र्याविषयी बरे बोललेले फार थोडे सापडते. तो उकिरड्यावरचा, प्रेते ओढणारा, शिवीत वापरण्याचा प्राणी. ईयोब आपल्या कळपाच्या राखण्या कुत्र्यांचा उल्लेख करतो (३०:१), तोही कोणाला तरी हिणवण्यासाठी. पण सुरफुनीकी बाईच्या गोष्टीत (मार्क ७) मूळ शब्द 'कुनारिओन' असा आहे, म्हणजे घरातले, मेजाखाली घुटमळणारे कुत्रे. त्या बाईची सारी हुशारी त्या मेजाखालच्या जागेवर आहे. मेजाखाली असणे म्हणजे मेजावर असणे नव्हे, परंतु घराबाहेर असणेही नव्हे. कुत्र्याला आपण, म्हणजे मनुष्यजातीने, हजारो वर्षांपूर्वी रानातून उचलून मेजाखाली आणले. आता तो रानात परत जाऊ शकत नाही. गेला तर तो लांडगा होत नाही, मोकाट कुत्रा होतो. म्हणून त्याचे आपल्यावर जे ऋण आहे ते टिटवीच्या ऋणाहून निराळ्या जातीचे आहे. कुत्र्याला आपण हवे आहोत. टिटवीला आपण नको आहोत; तिला एवढेच हवे आहे की आपण, आणि आपण आणलेले जे जे काही आहे त्याने, महिनाभर तिच्या वाटेला जाऊ नये.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. ऊस आला तसा उसात बिबट्या आला. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. राखण करण्यासाठी दाराशी ठेवलेला कुत्राच बिबट्याला दाराशी बोलावतो, आणि बिबट्याने झडप घातली की प्रथम जीव देतो तोही तोच. घर आणि रान ह्यांच्या सीमेवर आपण त्याला उभे केले आहे. तेथे उभे राहण्याची किंमत तो देतो, आणि रानातले दुर्बळ जीव त्याची किंमत देतात. ही किंमत ठरवणारे आपण, आणि हिशेबात नसलेलेही आपणच.

ह्याच हिशेबाचा एक भाग अलीकडे न्यायालयात आला. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, नसबंदी व लसीकरण करून, पिसाळलेली व हिंस्र वगळता, त्यांना मूळ जागी सोडावे असा त्यात बदल केला. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके ह्यांच्या आवारांतून कुत्री हलवावीत आणि तेथेच पुन्हा सोडू नयेत असा आदेश झाला. आपल्या समाजाचे तर निम्मे आयुष्य शाळांच्या आणि दवाखान्यांच्या कंपाउंडांतच गेलेले. मुलांच्या जीवाचा प्रश्न आला की माझ्या मनात संदेह राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाच्या आसपास मृत्यू भारतात होतात, आणि त्यांत लहान मुले फार असतात. मूल आधी. परंतु रखवालदाराच्या हातची भाकरी खाऊन दहा वर्षे फाटकाशी निजलेला कुत्रा एका सकाळी गाडीत भरून पाठवून द्यायचा आणि स्वच्छतेचे समाधान मानायचे, ह्यात मूल आधी ठेवण्याचे काही नाही. त्याला लस टोचून घेणे, त्याची नसबंदी करणे, खरकटे उघड्यावर न टाकणे, हे काम दहा वर्षांपूर्वीच करावयाचे होते, आणि ते आपले होते. मेजाखाली बोलावताना जबाबदारी घेतली नाही, ती मग एकदम न्यायालयाच्या आदेशाच्या रूपाने येते.

एवढा वेळ मी मावशींच्या कुत्र्याविषयी बोललो. त्यांच्या गोधड्यांविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. गोधडीला आपल्याकडे देशपरत्वे नावे आहेत. घाटावर ती वाकळ. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया, ज्यांत कॅथलिक ख्रिस्ती पुष्कळ आहेत, तिला कवंदी म्हणतात; त्या काठापासून आत शिवत येतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले बसवतात. मावशींची गोधडी साधी आहे. तळाला जुने लुगडे, मध्ये धोतरांचे व पातळांचे थर, वर पुन्हा लुगडे, आणि सबंध अंगभर धावदोरा. कोरे कापड त्या आत घालीत नाहीत. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडते. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील ठिगळाचा दृष्टांत (२:२१) मी पदवीच्या वर्गात शिकलो, परंतु तेथला ग्रीक 'आग्नाफोस' म्हणजे नुसते 'नवे' नव्हे, 'कोरे', हे ज्यांच्या हातांना ठाऊक असते ते गोधडी शिवणारेच. पंडिता रमाबाईंनी १९२२ साली मृत्यूपूर्वी पुरे केलेले आपले भाषांतर साध्या बायकांना कळेल अशा शब्दांत असावे म्हणून जो आग्रह धरला, त्याचे मोल अशा वेळी कळते.

गोधडीत जगातून नवीन काही घेतलेले नसते. लुगडे विटले की त्याची गोधडी, गोधडी विरली की तिचा तुकडा कुत्र्याखाली, काठ चांगला निघाला तर त्याची दोरी. जे उरते ते पुढच्याच्या वाट्याला जाते. शास्त्रात असाच एक क्रम आहे आणि तो आपण क्वचित वाचतो. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी. जे आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे, आणि गरिबांनी ठेवलेले वनपशूंनी खावे (निर्गम २३:११). धनी, गरीब, वनपशू. वनपशूंना येथे कोणी दाणे टाकीत नाही. धन्याने सगळे उचलू नये, एवढीच आज्ञा आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत द्यावे असे आहे, कारण रात्री त्याच्या अंगावर दुसरे काही नाही (२२:२६, २७). आणि अनुवादात पक्ष्याच्या घरट्याविषयी नियम आहे (२२:६, ७): घरटे सापडले तर पिलांबरोबर आईला धरू नये. हे सारे नियम एकाच मनातून आलेले आहेत. हात पोहोचतो म्हणून सगळे घेऊ नये; काही उरवावे.

मला 'सोबत' ह्या शब्दाचा अर्थ ह्या 'उरवण्या'त सापडतो. रानात प्रभूच्या हाती धोंड्यांची भाकर करण्याचे सामर्थ्य होते, आणि त्याने ते वापरले नाही; धोंडे धोंडेच राहू दिले, पशू पशूच राहू दिले. यापो येथील टबीथेची गोष्ट ह्याच अर्थाने मला रानाजवळची वाटते. तिच्या अरामी व ग्रीक दोन्ही नावांचा अर्थ हरिणी असा आहे. ती वारली तेव्हा विधवांनी पेत्राला तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखवली, आणि लूक लिहितो की ती त्यांच्यासोबत असताना शिवलेली ती वस्त्रे होती (प्रे. कृत्ये ९:३९). तेथेही मूळ शब्द 'मेता'च आहे. कापड शिवणे हे तिचे सोबत असणे होते. श्रीमंतांच्या वस्त्रांतून तिचे नाव उरले नाही, विधवांच्या अंगावरून उरले.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण त्या अंड्यांचे काय झाले? दुसऱ्या वेळच्या अंड्यांना अठरा-वीस दिवस झाले असतील, एका रात्री नदीला पाणी चढले. सकाळी तो सगळा पट्टा पाण्याखाली होता. पंचतंत्रातली टिटवी अंडी नेणाऱ्या समुद्राशी भांडली आणि शेवटी जिंकली. येथल्या दोघी-तिघी टिटव्या दुपारपर्यंत पाण्यावर घिरट्या घालून गेल्या. मुलाने आईला ऐकवले की कोंबडी गेली, कुत्रे सुकले, आणि अंडी ती गेलीच.

त्याच्या बोलण्यात तर्क आहे. कर्तव्याची किंमत फळावरून करायची असेल तर मावशींचे तीन आठवडे वाया गेले. परंतु त्या हिशेबाने निर्जन रानावरचा पाऊसही वाया जातो, आणि देव तर ईयोबाला तोच पाऊस अभिमानाने दाखवतो. टिटवीची अंडी वाचवण्याचे मावशींनी कधी अंगावर घेतलेच नव्हते. नदी त्यांच्या हातची नव्हती. त्यांच्या हातचा होता तो मोत्या. आपल्यामागून जे आले त्याने नाश करू नये, एवढी राखण त्यांनी केली, आणि ती केवळ आपल्याच बाजूची राखण होती. पाण्याच्या बाजूची राखण ज्याची, त्याचा हिशेब त्याच्यापाशी. त्या हिशेबात धरणांच्या व वाळूच्या धन्यांचीही नावे येतील, पण तो मोठा विषय येथे काढीत नाही.

मी त्या दिवशी संध्याकाळी वाडीवर गेलो तेव्हा मोत्या मोकळा होता आणि पाण्याच्या कडेने वास घेत हिंडत होता. मावशींनी लुगड्याच्या काठाची ती वेणी उकलली होती, धुतली होती आणि खोपटावर वाळत घातली होती. काठ अजून चांगला होता. समोर अर्धी शिवलेली गोधडी होती, एका कोपऱ्याला थोडे कापड कमी पडत होते, आणि त्या सुईत दोरा ओवीत होत्या.